बारावा दगड

१

दहा वाजून दहा मिनिटांनी कागदावर जे काही उमटेल, त्यापुढे 'स्थानिक' असं लिहायचं आणि पुढच्या ओळीकडे वळायचं. ते कशामुळे उमटलं, हे विचारायचं नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी चिटणिसांनी मला हा नियम सांगितला. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाले, हेच ते विचारायचं नाही.

भूविज्ञान मंडळात येऊन मला तेव्हा तासही झाला नव्हता. चिटणीस सत्तरीचे, डोकं इतकं गुळगुळीत की अख्खं कार्यालय त्यांना पाठीमागे गारगोटी म्हणायचं. ते मंडळाचे अकरावे अध्यक्ष. पाच वर्षांची मुदत संपल्यावर चिटणीस होऊन तिथेच राहिले. बारावा आणि सध्याचा अध्यक्ष माझा सख्खा काका. त्यामुळे मी वशिल्याने चिकटले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी विद्यापीठात पहिली आले होते, हे सांगायला मी कुणाच्या दारात गेले नाही. कार्यालयात काकाला 'सर' म्हणायचं, एवढं मात्र मला जड गेलं. ज्या माणसाने लहानपणी माझ्या वेण्या घातल्या, मला ठिणगी म्हणून हाक मारली, त्याला सर काय म्हणायचं?

माझं काम तळघरात. बावीस पायऱ्या उतरून गेलं की एक लांबट खोली. मधोमध छातीएवढा सिमेंटचा खांब. तो इमारतीला कुठेही चिकटलेला नाही. जमिनीत भोक पाडून थेट खालच्या कातळात रोवलेला आहे. खांबावर भूकंपमापक. शेजारच्या टेबलावर एक आडवा ढोल, त्याला गुंडाळलेला पांढरा कागद, आणि कागदावर टेकलेली शाईची सुई. ढोल अर्ध्या तासात एक फेरी मारतो, सुई एक ओळ काढते. सकाळी नऊला मी कागद बदलायचे आणि आदल्या दिवसाच्या अठ्ठेचाळीस ओळी वाचायचे. हा लांबचा भूकंप, हा खाणीतला सुरुंग, हा वळणावरचा ट्रक. मी खोलीत चालले तरी कागदावर टोकदार रेघांचे काटे उमटायचे. मांजर आलं तरी उमटायचे.

समोरच्या भिंतीत एक रुंद कोनाडा. त्यात अकरा दगड, ओळीने. पायउतार होताना प्रत्येक अध्यक्ष आपल्या आवडीचा एक दगड मंडळाला देतो. दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर काळ्या शाईने क्रमांक. एक ते अकरा.

मला ते सगळं म्हाताऱ्यांचं कौतुक वाटलं. मी 'स्थानिक' लिहिलं आणि पुढे गेले.

२

पुढे गेले खरी, पण माझ्या डोक्यात एकदा खडा पडला की तो खडखडत राहतो.

दहा वाजून दहाचे काटे रोज असायचे. रविवारीही, इमारतीत चिटपाखरू नसताना. आधी मी पाण्याच्या पंपावर संशय घेतला. पंपवाल्याला पटवून दोन दिवस पंप बंद ठेवला, काटे होतेच. मग समोरचा छापखाना. छापखान्याच्या सुट्टीचा दिवस पाहिला, काटे होतेच. मग घड्याळातच काहीतरी टकटकत असेल म्हणून घड्याळ बदललं. नवं घड्याळ लावलं तरी कागदावर काटे होतेच.

भूकंपाच्या दोन लाटा येतात. एक घाईची, दुसरी तिच्या मागून रेंगाळत. दोघींच्या मधलं अंतर जितकं जास्त, तितकं ठिकाण लांब. कॉलेजच्या पहिल्या वर्षातली गोष्ट ही. मी भिंग लावून पाहिलं. इथे दोघींच्या मध्ये अंतरच नव्हतं. म्हणजे जे होत होतं ते बाजूला कुठे नव्हतं, खांबाच्या बरोबर खाली होतं. आणि खांबाच्या खाली कातळ होता. अखंड, काळा, कुदळ न लागलेला.

मी काटे मोजले. अकरा.

अकरा म्हटल्यावर माझी नजर कोनाड्याकडे गेली आणि मी स्वतःलाच हसले. अकरा खिळेही असतात, अकरा फरश्याही असतात. शिकलेल्या मुलीने असे आकडे जुळवत बसू नये.

पण ते काटे एकसारखे नव्हते. प्रत्येकाची ठेवण वेगळी, रोज तीच. तिसऱ्या काट्याला मागे एक फरपट असायची, शेपटासारखी. मंडळाच्या जुन्या अंकात तिसऱ्या अध्यक्षांवरचा मृत्युलेख मला त्याच आठवड्यात सापडला. खाणीतल्या अपघातानंतर ते शेवटपर्यंत उजवा पाय ओढत चालायचे, असं त्यात लिहिलं होतं.

मी अंक मिटला आणि जिना चढून उन्हात जाऊन उभी राहिले.

३

जुने कागद पत्र्याच्या नळकांड्यांत भरून मागच्या खोलीत ठेवलेले असतात. वर्षाला एक नळकांडं. माझ्या आधीच्या बाईंनी ती इतकी नीट लावली होती की हात लावायलाही लाज वाटावी. मी लाज बाजूला ठेवली.

पहिल्या अध्यक्षांच्या काळातल्या कागदांवर दहा वाजून दहाला काहीच नाही. सरळ ओळ. मग निरोपाचा शनिवार येतो, दुसरे अध्यक्ष येतात, आणि सोमवारी एक काटा. पुढची पाच वर्षं एकच. पुढच्या निरोपानंतर दोन. मी जमिनीवर मांडी घालून एकेक गुंडाळी उलगडत गेले. तीन. चार. पाच. आणि प्रत्येकापुढे वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या शाईने, तोच एक शब्द लिहिलेला. स्थानिक.

मृत्यूचा या काट्यांशी संबंध नव्हता, हे मी मुद्दाम तपासलं. पहिले अध्यक्ष पद सोडल्यावर वीस वर्षं जगले. आणि अकरांपैकी तीन तर आजही रोज कार्यालयात येतात. आठवे, जे सदा खुर्चीत डोळे मिटून असतात आणि ज्यांना आम्ही सुप्त ज्वालामुखी म्हणतो. नवव्या बाई, ज्यांचा नकाशा पाहून मी या विषयात आले. आणि अकरावे गारगोटी.

काटा पडतो तो माणूस गेल्यावर नाही, अध्यक्ष माजी झाल्यावर पडतो.

काकाचा निरोप पुढच्या शनिवारी होता.

४

सोमवारी काका आपला दगड घेऊन खाली आला. मुठीएवढा, करडा, मधून घडी पडलेला, चादर दुमडावी तसा. मी नऊ वर्षांची असताना एका कापलेल्या टेकडीपाशी तो आम्हाला सापडला होता. मी तेव्हा विचारलं होतं, दगडाला घडी कोण घालतं? काकाने उत्तर द्यायला अख्खी दुपार घेतली होती.

"हाच देणार?" मी विचारलं.

"मग काय नदीतला गोटा देऊ? ठिपका नीट काढ, ठिणगे. अकराही जणांचे वाकडेतिकडे आहेत."

मी ठिपका काढला. अगदी गोल काढला. रंग चांगला सुकायला वेळ लागतो, म्हणून सोमवारी ठिपका आणि शनिवारी क्रमांक, अशी पद्धत. दगड कोनाड्यात ठेवला. काका रोजच्यासारखा खोलीभर फिरला, ढोलापाशी वाकला, माझ्या अक्षराला नावं ठेवून वर गेला.

मंगळवारी कागद वाचताना मला काकाची पावलं ओळखू आली. तो टाच जोरात टेकवतो. आधीच्या आठवड्यात त्याचे काटे नखभर उंच होते. सोमवारी तो आला तेव्हा तेवढेच. दगड ठेवून परत गेला तेव्हाचे मात्र निम्मे.

यंत्र मंदावलं असेल म्हणून मी सगळे स्क्रू तपासले. स्वतः चालून पाहिलं. माझे काटे कागदाबाहेर जात होते. बुधवारी काकाचे काटे मुंगीएवढे झाले. गुरुवारी भिंगाशिवाय दिसेनात. माणूस तोच. बूट तेच. फरशीवर टाचेचा आवाजही तोच. मी माझ्या कानांनी ऐकत होते.

५

मग मी एक गोष्ट पाहायची ठरवली. पाहायची नव्हती, म्हणूनच ठरवली.

शुक्रवारी मी चिटणिसांना निरोप पाठवला की ढोल अडकतोय, जरा येऊन जा. गारगोटी बावीस पायऱ्या उतरून आले. त्यांच्या बुटांना लोखंडी पट्ट्या आहेत. प्रत्येक पायरीला खण् असा आवाज. ते माझ्या समोरून, खांबाला जवळजवळ घासून गेले, वळले, परत आले. ढोल तर व्यवस्थित फिरतोय, आजकालच्या पोरांना हात लावायच्या आधी तक्रार करायची सवय, वगैरे म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत नव्हते. सुईकडे बघत होते.

सुई ढिम्म हलली नाही. खण्, खण्, खण्. आणि ओळ पट्टीने मारावी तशी सरळ.

ते गेल्यावर मी धडपडत नवव्या बाईंकडे गेले. त्या ग्रंथालयात खिडकीपाशी बसतात, पुस्तक न उघडता. वीस वर्षं डोंगर पायाखाली घातलेली ही बाई पद सोडल्यापासून एकदाही कामासाठी बाहेर पडलेली नाही, हे मला ठाऊक होतं. वय झालं, असंच मी समजत होते. मी सरळ विचारलं, तुम्ही डोंगरात जाणं का सोडलंत?

त्यांनी बराच वेळ माझ्या बुटांकडे पाहिलं. बुटांना माती होती.

"जाऊन पाहिलं गं एकदा," त्या म्हणाल्या. "पण पायाला जमीन लागत नाही."

मी म्हटलं, म्हणजे? त्या हसल्या, सगळ्या माजी अध्यक्षांसारखं, गोड आणि रिकामं. आणि म्हणाल्या की शनिवारी क्रमांक लिहिताना शाई जास्त घेऊ नकोस, पसरते.

६

त्याच संध्याकाळी मी काकाच्या घरी गेले. माझी आई कामासाठी गावोगाव हिंडायची, त्यामुळे मी या घरातच वाढले. काकू भाजी चिरत होती. मी विचारायच्या आधीच बोलायला लागली. म्हणाली, हे कधी मागे येऊन उभे राहतात, कळतच नाही. दोन रात्री झाल्या, शेजारी झोपलेत की नाही तेही कळत नाही, गादीच दबत नाही. बारीक झालेत का रे देवा, म्हणून काल वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. तर मलाच वेड्यात काढून फिरायला गेले.

मी काकासमोर आठवड्याचे पाचही कागद पसरले, शुक्रवारचा वेळेआधीच उतरवून आणलेला. दहा वाजून दहाचे काटे दाखवले, जुन्या नळकांड्यांचं सांगितलं, गारगोटींच्या बुटांचं सांगितलं. शेवटी त्याची स्वतःची पावलं दाखवली, सोमवारपासून शुक्रवारपर्यंत मावळत गेलेली. काकाने चष्मा लावून सगळं पाहिलं. तो भूकंपाचा माणूस आहे. त्याला कागद वाचता येतो.

मी म्हटलं, शनिवारी जाऊ नकोस. तो म्हणाला, यंत्राची तार सैल असेल. मी म्हटलं, तार माझ्यासाठी घट्ट आणि तुझ्यासाठी सैल कशी? त्याने चष्मा काढून ठेवला. माझा संताप झाला. सगळ्या जगाला पुरावा मागत फिरणारा माणूस, आणि स्वतःवर आल्यावर तार सैल.

"अकरा जणांनी दिला, ठिणगे," तो शेवटी म्हणाला. "बाराव्याने नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील? मान असतो तो."

"क्रमांक मी लिहिणार आहे ना?"

"क्रमांकाशिवाय दगड संग्रहात येत नाही. तो नोंदणी सहायकाच्या हातचाच लागतो. तूच लिहिणार."

तो टेबलावरून उठला आणि आत गेला. या घराची लाकडी जमीन जुनी आहे. तिच्यावरून कुणी गेलं की ती करकरते. त्या वेळी ती करकरली नाही.

७

शनिवारी दहाला पाच मिनिटं असताना ते तिघे खाली आले. सुप्त ज्वालामुखी, बाई आणि गारगोटी. नवे अध्यक्ष वर सभागृहात भाषण घोकत होते. त्यांना या भागाला बोलवत नाहीत. काका सगळ्यात शेवटी उतरला. चार जण जिन्याने आले आणि सुईने कागदावर एक केसही ओढला नाही.

मी टेबलाच्या एका अंगाला उभी होते. समोर करडा दगड, गोल पांढरा ठिपका, बारीक निबाचा टाक आणि शाईची दौत. गारगोटींनी पद्धत सांगितली. आधी दहा वाजून दहा. मग मी क्रमांक लिहायचा. मग वर चहा.

आम्ही वाट पाहत उभे राहिलो. कुणी हललं नाही. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

घड्याळाचा काटा सरकला आणि सुई थरथरली. एक. दोन. तीन, फरपटत. मी इतके दिवस हे कागदावर वाचत होते, होताना पाहत नव्हते. खांबावर हात ठेवला तर तळव्याला जाणवत होतं. खाली, कातळात, एकामागून एक कुणीतरी येऊन उभं राहत होतं. सात. आठ. आठव्याला सुप्त ज्वालामुखींनी डोळे उघडले. नवव्याला बाईंनी ओठ घट्ट मिटले, पायाला काहीतरी टोचल्यासारखे. दहा. अकराव्याला सुईने टोकदार काटा काढला, खण् म्हणावं असा, आणि गारगोटींनी मान किंचित खाली घातली. त्यांचे बूट फरशीवर जिथल्या तिथे होते.

अकराव्यानंतर सुई नेहमी शांत होते. आज झाली नाही. ती बारीक बारीक हलत राहिली. रांगेत उभी असलेली माणसं मागच्यासाठी सरकून जागा करतात, तशी.

"लिही," गारगोटी म्हणाले.

मी टाक उचलला, शाईत बुडवला, आणि काकाकडे पाहिलं. तो दगडाकडे बघत होता. त्याचा चेहरा तसाच गोड आणि रिकामा व्हायला लागला होता. कडेपासून, पाण्यात कागद भिजत जावा तसा.

मी टाक खाली ठेवला.

"मी लिहिणार नाही."

मग तिघेही बोलायला लागले. एकाच वेळी, पण न चिडता, आणि तेच जास्त भयंकर होतं. प्रथा आहे. पंचावन्न वर्षांत कुणी अडवलेलं नाही. काकांचा अपमान होतोय. नोकरी सांभाळून बोल. शिकलेल्या मुली अशा वागत नाहीत. बाई म्हणाल्या की फक्त दोन आकडे आहेत गं, एक आणि दोन. गारगोटींनी टाक पुन्हा माझ्या बोटांशी आणून ठेवला. त्यांच्या हाताला वजन नव्हतं. टाकाला होतं.

"लिहिते," मी म्हटलं. "एका अटीवर. तुम्हा तिघांपैकी एकाने पाय आपटायचा. इथे, खांबापाशी. एकदाच. सुई हलली, तर मी बारा लिहिते, वर येऊन सगळ्यांची माफी मागते आणि उद्यापासून पुन्हा कधी 'का' विचारत नाही. नाही हलली, तर हा दगड मी घरी नेते आणि काकालाही नेते."

"हा पोरकटपणा आहे," गारगोटी म्हणाले.

"मग पोरीचं समाधान करा."

काका हसला. बऱ्याच दिवसांनी त्याचं खरं हसू होतं, थोडं थकलेलं. तो त्या तिघांकडे वळला. त्यांच्यावर त्याचा विश्वास होता. त्यातल्या दोघांनी त्याला शिकवलं होतं.

"आपटा की हो," तो म्हणाला. "ती काही ऐकायची नाही. एकदा दाखवून टाका, म्हणजे संपलं."

गारगोटींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी स्वतःच्या पायांकडे. सुप्त ज्वालामुखींनी तोंड उघडलं आणि मिटलं.

काका वाट पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, आणि त्या जागी मी लहानपणापासून ओळखत असलेली ती नजर आली, खडक वाचतानाची.

"आपटा ना," तो पुन्हा म्हणाला, या वेळी हळू.

तिघांपैकी एकानेही पाय उचलला नाही. काकाने टेबलावरचा दगड उचलला आणि माझ्या हातात दिला.